माझा पट्टा घसरत नव्हता

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. भट्टीचा जन्मच तापण्यासाठी असतो, तिच्या रागाचे काय एवढे मनावर घ्यायचे, असे कुणी म्हणेल. म्हणू दे. आजवर माझे म्हणणे मनावर न घेणारे पुष्कळ भेटले. त्यात तुमची भर पडू नये, म्हणून तर ही हकिगत सांगायला बसले आहे.

सध्या माझा मुक्काम काचेच्या कपाटात आहे. अंगावर धुळीचा कण नाही. पुढ्यात पितळी पाटी आहे आणि तिच्यावर माझे कौतुक कोरलेले आहे. शाळेतली मुले रांगेने येतात, पाटी वाचतात, काचेला नाक लावतात आणि पुढे सरकतात. तुम्हीही त्यांतलेच असाल. त्या पाटीवरचे निम्मे खरे आहे, आणि मला निम्म्या खऱ्याचीच जास्त चीड आहे. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म काकांच्या वर्कशॉपमध्ये झाला. काका म्हणजे बाईंचे सख्खे काका, आणि बाई म्हणजे डोंगराच्या ऑफिसातल्या शास्त्रज्ञ. बाईंचे वडील लवकर गेले. काका-काकूंनीच त्यांना वाढवले, शिकवले आणि या ऑफिसच्या दारापर्यंत आणून सोडले. इथला डोंगर साधासुधा नाही, तो ज्वालामुखी आहे. ऑफिस त्याच्या समोरच्या उंच टेकाडावर आहे, आणि डोंगरावर सतत लक्ष ठेवणे हेच ऑफिसचे काम. काकांची वस्ती मात्र डोंगराच्या पायथ्याशी, एका उभ्या घळीच्या तोंडाशी होती. होती म्हणते आहे, हे लक्षात असू द्या.

डोंगराच्या पोटात दगड वितळून त्याचा रस झालेला असतो. त्याला शिलारस म्हणतात. तो किती दाट आहे, कसा वाहील, किती वेगाने खाली येईल, हे समजायचे तर तो ढवळून बघायला हवा. डोंगराच्या पोटात चमचा घालायची सोय नाही. म्हणून डोंगरावरचे दगड आणायचे, भट्टीत वितळवायचे आणि ढवळायचे. बाहेरून मागवलेले यंत्र येता येताच मोडले, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझे काका करून देतील." आणि काकांनी करून दिले.

माझे पोट विटांचे, अंग जाड पत्र्याचे. पोटात मूस, म्हणजे दगड वितळवायचे भांडे. मुशीत वरून एक सळई उतरते. डोक्यावरची मोटर पट्ट्याने त्या सळईला फिरवते. पट्टा आणि सळई यांच्यामध्ये एक स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगला तबकडीवरचा काटा जोडलेला आहे. रस दाट असला की सळई फिरताना कुरकुरते, स्प्रिंगला पीळ बसतो आणि काटा वर चढतो. रस पातळ असला की काटा खालीच राहतो. पुढच्या बाजूला एक गोल बटण आहे. ते फिरवले की सळईचा वेग वाढतो. झाले माझे शास्त्र. मी ढवळते आणि जे जाणवते ते सांगते. मला खोटे बोलता येत नाही, तसा भागच काकांनी बसवलेला नाही.

काकांची एक खोड होती. स्क्रू घट्ट केला की ते तो पुन्हा थोडा उलट फिरवून सैल करायचे, आणि मगच कायमचा आवळायचे. काकू चहा घेऊन आल्या की चेष्टा करायच्या, "केलेलं काम मोडायची भारी हौस यांना." काका म्हणायचे, "नुसतं घट्ट लागलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. उलट फिरवून बघायचं. खोटा बसला असेल तर तिथे कळतं." लहानपणापासून हे बघून बघून बाईंच्या बोटांनाही तीच सवय लागली होती. माझा प्रत्येक स्क्रू असा दोनदा आवळलेला आहे. शेवटी काकांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या मोटरला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "जा. नाव काढ." लेक सासरी पाठवावी तसे त्यांनी मला ऑफिसच्या गाडीत चढवले.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकात गेली. ऑफिसचे साहेब पाहुण्यांना मला दाखवायचे आणि म्हणायचे, "काटा बघा, काय स्थिर आहे." साहेबांना स्थिर काट्याचे वेड होते. थरथरणारा काटा दिसला की त्यांच्या कपाळावर आठी यायची. आता गंमत ऐका. शिलारसात वायू विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. वरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात आणि सगळ्या रसाला फेस येतो. माझ्या मुशीत दगड वितळला की त्यालाही फेस यायचा आणि काटा थरथरायचा. म्हणून ऑफिसात रिवाज पडला होता की दगड वितळल्यावर फेस बसू द्यायचा. सगळे चहाला जायचे, बुडबुडे एकेक करून वर येऊन फुटायचे, रस काचेसारखा नितळ व्हायचा, मग मंडळी परत येऊन सळई हळूहळू फिरवायची. काटा छान स्थिर. साहेब खूश. बुडबुड्यांना कुणी विचारतच नव्हते.

बाईंनी एकदा विचारले. "साहेब, डोंगरातून हे निघतं तेव्हा फेस बसेपर्यंत थांबतं का कुठे? आपण मोजतो ते एक, आणि वाहणार दुसरंच."

साहेब म्हणाले, "मग फेसासकट मोजा. बघू तरी काय म्हणतंय."

त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा फेसाळलेला रस ढवळला गेला. सळई हळू फिरत होती आणि काटा नेहमीपेक्षा वर चढला. त्याचे कारण मी सांगते, कारण तिथे आत मीच होते. सळई हळू फिरते तेव्हा बुडबुड्याला सवड असते. तो थोडा दबतो आणि लगेच अंग आवरून पुन्हा गोल होतो. असे हजारो गोल बुडबुडे रसाच्या वाटेत ठाण मांडून बसतात. रसाला प्रत्येकाला वळसा घालून जावे लागते, आणि सगळाच रस अधिक दाट लागतो. साहेब आनंदले. "म्हणजे फेस असला तर लाव्हा आणखीच हळू येणार. चांगली बातमी आहे की ही." त्यांनी ती चांगली बातमी तत्काळ सगळीकडे कळवून टाकली.

बाई मात्र अजून माझ्यापाशीच होत्या. त्यांनी बटण पुढे फिरवले. सळई जोरात फिरू लागली. वेग वाढवला की काटाही त्या मानाने वर जायला हवा. तो चढला, आणि अर्ध्यावरच थांबला.

मित्रांनो, मी तेव्हा जिवाच्या आकांताने सांगत होते. वेगात ढवळले की बुडबुड्याला गोल व्हायला सवडच मिळत नाही. तो ताणला जातो, लांब होतो, दोऱ्यासारखा होतो. असे हजारो दोरे एका दिशेने पसरतात आणि त्यांच्या अंगावरून रस सळसळत घसरतो. जो फेस सावकाश चालताना रसाचे पाय धरतो, तोच उतारावर त्याला पळायला मदत करतो. पठारावर रांगणारा लाव्हा घळीत उतरला की धावत सुटेल, एवढा एकच त्या अर्ध्यावर थांबलेल्या काट्याचा अर्थ होता.

साहेबांनी काट्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पट्टा घसरतोय."

आठवड्यापूर्वीच काकांनी मला नवीन पट्टा बसवला होता. पट्टा घसरला तर सळईला जोर मिळत नाही आणि काटा असाच मध्ये थांबतो, हे खरे. पट्ट्यावर झाकण आहे आणि मी चालू असताना ते उघडता येत नाही, हेही खरे. काकांना बोलावले. त्यांनी पट्टा ताणला. बाईंनी फेसाळ रस पुन्हा वेगात फिरवला आणि काटा अर्ध्यावर थांबला. काकांनी पट्टा बदलला. काटा अर्ध्यावरच. तेव्हा साहेबांचा तोल गेला. "घरगुती काम असंच असतं," ते म्हणाले. "बाई, तुमचे काका म्हणून आम्ही गप्प बसलो. आता तुम्हीच सांगा."

आणि बाई म्हणाल्या, "काका, कुठेतरी तुमच्याच कामात खोट राहिली असणार."

मी तिथे होते. काकांचा चेहरा मी पाहिला. ज्या पोरीला बोट धरून चालायला शिकवले, तिने चार लोकांत असे म्हणावे. ते भांडले असते तर बरे झाले असते. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "असेल. वय झालं आता. हात चुकला असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांचा राग आलाच, बाईंचा आला, पण काकांचा त्याहून जास्त आला. अहो, दोनदा आवळलेले स्क्रू तुमचे. उलट फिरवून बघायची सवय तुमची. मग त्या दिवशी ती कुठे गेली होती? फेसासकट वेगात फिरवले, ठीक. आता फेस बसू द्या आणि नितळ रस त्याच वेगात फिरवून बघा. पट्टा घसरत असेल तर तेव्हाही घसरेल. इतके साधे होते. पण फेस बसायला वेळ लागतो आणि साहेबांना मीटिंगला जायचे होते. नितळ रस नेहमी हळूच फिरवायचा, असा रिवाजच होता. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. तिघांनी मिळून खापर माझ्यावर फोडले.

साहेबांनी सांगितले की बटणाला अडसर बसवा, म्हणजे पुन्हा कुणी वेग वाढवून घोळ घालणार नाही. तो अडसर काकांनीच बसवला. पितळेचा छोटा तुकडा आणि एक स्क्रू. घट्ट केला, उलट फिरवला, पुन्हा आवळला. सामान पिशवीत भरून ते गेले, आणि त्यानंतर ऑफिसची पायरी चढले नाहीत. बाईंचा फोन आला की काकूच उचलायच्या आणि म्हणायच्या, "झोपलेत." भर सकाळी सुद्धा झोपलेलेच असायचे.

त्यानंतर मी हळूहळूच फिरत राहिले. डोंगरावरचे सगळे दगड मी वितळवले आणि प्रत्येक वेळी अर्धेच सांगितले, कारण अर्धेच विचारले जात होते. त्या अर्ध्या उत्तरांवर साहेबांनी मोठा नकाशा केला. लाव्हा कुठून कसा येईल, वस्तीला घर सोडायला किती वेळ मिळेल, सगळे त्यात रंगवलेले होते. नकाशा भिंतीवर लागला आणि माझे काम संपले. माझ्या अंगावर रेक्झिनचे कव्हर चढले. पुढे त्या कव्हरवर चहाची किटली आली, शेजारी कप आले, आणि साखर सांडून मुंग्याही आल्या. दगडाचे पाणी करणारी मी, आणि माझ्या डोक्यावर यांचा कोमट चहा.

मग एके दिवशी डोंगर फुटला.

फार मोठा आवाज झाला नाही. माथ्याजवळ एक भेग पडली आणि लाव्हा वरच्या पठारावर येऊन मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागला. साहेबांनी नकाशा पाहिला आणि वस्तीला फोन केला. "घाबरू नका. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. सामान बांधा, सकाळी गाड्या येतील." आवाज शांत, अगदी पाहुण्यांना स्थिर काटा दाखवताना असायचा तसा.

ऑफिसचा ड्रायव्हर पठाराच्या कडेपर्यंत जाऊन लाव्ह्याचे तुकडे बादलीत घेऊन आला. त्याने बादली बाईंपुढे ठेवली. "बाई, उचलून बघा. एवढा मोठा दगड, पण वजनच नाही. नुसता फेस आहे."

बाईंनी तुकडा हातात घेतला. त्यात दगड कमी आणि भोकेच जास्त होती. त्यांनी खिडकीतून पठाराकडे पाहिले. पठार संपते तिथून घळ सुरू होते, सरळ खाली, आणि घळीच्या तोंडाशी काकांचे वर्कशॉप. मग त्यांची नजर वळली ती थेट माझ्यावर. त्यांनी किटली खाली ठेवली, कव्हर ओढून काढले आणि अडसराचा स्क्रू फिरवायला गेल्या. काकांनी आवळलेला स्क्रू तो, हलतोय कसला. शेवटी बाईंनी छिन्नी लावली आणि हातोडीने तो पितळेचा तुकडा उडवून दिला. इतक्या वर्षांत मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

मला तापायला वेळ लागतो. सकाळची दुपार झाली. दगड वितळला आणि फेसाळला. बाईंनी हळू फिरवले, काटा वर चढला. मग बटण पुढे नेले, वेग वाढवला, आणि काटा अर्ध्यावर थांबला. अगदी पूर्वीच्याच जागी.

साहेब दारातून बघत होते. "तेच ते. पट्टा घसरतोय, तुमच्याच काकांचा. विसरलात का? बिघडलेल्या यंत्रावर विसंबून भर दुपारी वस्ती उठवायची? लोक घाबरून पळतील, चेंगराचेंगरी होईल. जबाबदार कोण?"

छिन्नीच्या दणक्याने माझ्या तबकडीचा एक स्क्रू ढिला झाला होता. विचार करता करता बाईंनी तो नुसत्या हाताने आवळला. मग नकळत थोडा उलट फिरवला. आणि बोटे तिथेच थांबली.

"उलट," त्या म्हणाल्या. "उलट कधी बघितलंच नाही आपण."

"काय उलट?"

"फेस बसू दे. नितळ झाल्यावर याच वेगात फिरवते. पट्टा घसरत असेल तर तेव्हाही घसरेल. नितळ रस तर याहून जड लागणार."

"आणि फेस बसेपर्यंत?"

"थांबते," बाई म्हणाल्या.

याच थांबण्याचा राग मला आजही आवरत नाही. इतकी वर्षे हातात होती तेव्हा कुणाला सुचले नाही, आणि आता प्रत्येक बुडबुड्याच्या फुटण्याची वाट बघत बसलो आहोत. खिडकीतून दिसत होते की लाव्ह्याची कड पठार संपते तिथे चालली आहे. बाई एकदा खिडकीशी जायच्या आणि एकदा माझ्यापाशी यायच्या. बुडबुडे सावकाश वर येत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. मी होती नव्हती तेवढी आग पोटात एकवटली, की निघा बाबांनो एकदाचे.

रस नितळ झाला. बाईंनी बटण पुन्हा त्याच वेगापर्यंत फिरवले. माझी मोटर ओरडली, स्प्रिंगला कधी बसला नव्हता असा पीळ बसला आणि काटा चढत चढत तबकडीच्या शेवटच्या खुणेला जाऊन भिडला. तिथेच राहिला. पट्टा तसूभरही घसरला नव्हता. त्या दिवशीही घसरला नव्हता आणि पूर्वीही कधी घसरला नव्हता.

साहेब काट्याकडे बघत राहिले. बाईंनी माझ्या शेजारचा फोन उचलला होता.

"काकू, काकांना द्या."

"ते झोप..."

"काकू, ते जागे आहेत ते मला माहीत आहे. त्यांना एवढंच सांगा, पट्टा घसरत नव्हता."

काकूंनी फोन काकांकडे दिला. मग काकांचा आवाज आला. कितीतरी वर्षांनी मी तो ऐकत होते. "काय म्हणालीस?"

"पट्टा घसरत नव्हता, काका. तुमचा हात चुकला नव्हता, आम्ही चुकलो. लाव्ह्यात फेस आहे. घळीत उतरला की पळत येईल. उद्या नाही, आत्ता येईल. निघा, आणि सगळ्यांना बाहेर काढा."

"तुझं ऑफिस तर उद्या म्हणतंय."

"ऑफिसचं ऐकू नका. तुमच्या भट्टीचं ऐका."

"निघतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे मी लोकांच्या तोंडून ऐकले. काकांनी हातोडी घेतली आणि वर्कशॉपचा पत्रा बडवत ते गल्लीतून फिरले. लोक म्हणत होते, उद्या ना? काका म्हणत होते, आत्ता. इतक्या वर्षांत कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडतोय म्हटल्यावर लोक निघाले. कुणी पोर उचलले, कुणी म्हातारी आई. बांधलेले सामान दारातच राहिले. तोवर लाव्हा घळीत उतरला होता, आणि जो पठारावर दिवसभर रांगत होता तो उतारावर पाणी सुटावे तसा सुटला. गल्लीच्या टोकाच्या घरात एक आजी राहायच्या. त्यांना ऐकू यायचे नाही, आणि घराला लोखंडी फाटक. काका पोचले तेव्हा फाटकाची कडी धगीने तापून निघाली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. आजी बाहेर आल्या. काकांच्या तळव्यांची कातडी कडीवरच राहिली.

दिवस मावळायच्या आत गल्ली नव्हती. वर्कशॉप नव्हते, आणि ज्या लेथवर माझी सळई घडली तो लेथही नव्हता. जीव सगळ्यांचे वाचले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितले, "ऑफिसच्या अचूक अंदाजामुळे आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे संपूर्ण वस्ती बचावली." लोकांनी त्यांची पाठ थोपटली. मला पॉलिश झाले, काचेचे कपाट आले, पितळी पाटी आली. 'या भट्टीने वस्तीचे प्राण वाचवले' असे तिच्यावर आहे. निम्मे खरे म्हणाले ना मी, ते हेच. ही भट्टी हे कितीतरी वर्षे आधी सांगत होती, हे पाटीवर नाही. तेव्हाच ऐकले असते तर लोकांनी शांतपणे घरे आवरली असती, पोरांची खेळणी उचलली असती. लेथ वाचला असता. काकांचे हात वाचले असते. ज्या हातांना तुम्ही चुकलेले म्हणालात, तेच हात शेवटी तुमच्या चुकीत भाजले, असे कोरा की पाटीवर. पितळ कमी पडणार नाही.

आणखी एक करामत झाली. शाळेची मुले येतात, ती बटण फिरवतील, म्हणून कपाटात ठेवताना माझ्या बटणाला पुन्हा अडसर बसवला. या वेळी चकचकीत स्टीलचा.

परवा काका आले. पहिल्यांदाच, बाईंच्या सोबत. हात बरे झालेत, पण कातडी ताणलेली आहे आणि बोटे मिटत नाहीत. ते कपाटासमोर उभे राहिले. पाटी त्यांनी वाचलीच नाही. सरळ बटणाकडे पाहिले.

"हा कुणी बसवला?"

"ऑफिसने," बाई म्हणाल्या. "मुलं येतात म्हणून."

"काढ."

बाईंनी कपाट उघडले आणि स्क्रूड्रायव्हर आणला. काकांनी तो घ्यायला हात पुढे केला, पण मूठ मिटेना. त्यांनी हात मागे घेतला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. काका म्हणाले, "रडतेस काय. तू फिरव, मी सांगतो. उलटीकडे. हळू, खाच खराब होईल."

तेवढ्यात साहेब आले. "अहो, हे प्रदर्शनातलं यंत्र आहे, त्याला असं..."

"साहेब," बाई मान न वळवता म्हणाल्या, "फेस बसू द्या."

अडसर निघाला. बाईंनी माझी वायर लावली आणि बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवले. मूस रिकामी होती, सळई मोकळी फिरत होती. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला काकांचे हात चालत नव्हते, म्हणून त्यांनी वाकून आपला कानच माझ्या पत्र्याला टेकवला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. इतकी वर्षे त्यांच्यासाठी साठवलेला राग होता माझ्याजवळ. तो त्या वेळी कुठे गेला, मला कळले नाही.

"चांगला आहे पट्टा," ते म्हणाले. बाईंना म्हणाले की मला, कोण जाणे.

बाकीच्यांवरचा राग मात्र जागच्या जागी आहे, आणि तो मी सोडणार नाही. मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पुसून पुसून माझा रंग गेला आहे. एखादे यंत्र, एखादा माणूस तुम्हाला नको असलेले काही सांगेल. तेव्हा ते बिघडले असे म्हणण्याआधी त्याला पुन्हा विचारा. उलट बाजूने विचारा. आणि उत्तर येईपर्यंत चहाला जाऊ नका. त्या अडसराचा स्क्रू बाईंनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवला आहे, आणि कपाटाला आता कुलूप नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा काचेला नाक लावून उभे राहू नका. दार उघडा आणि बटण फिरवा.